पाय सुजले, म्हणजे किडनी गेली का?

गोव्यातल्या वाळपईकडच्या एक काकी जावेला घेऊन माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) काकींना रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी, १० मिलीग्रॅम, रोज एक. संध्याकाळी दोन्ही घोटे सुजत, चपलेचा पट्टा रुते. शेजारीण म्हणाली, "किडनी गेली तुझी." काकींनी गोळीच सोडली. त्या दिवशी दाब भरला १७८/१०२.

"बाय, किडनी घालवण्यापेक्षा प्रेशर परवडलं," काकी म्हणाल्या.

परवडत नाही. वाढलेला दाबच किडनी खराब करतो. ही गोळी रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत शिरणारं कॅल्शियम अडवते. स्नायू सैलावतात, दाब उतरतो. (हाडांतल्या कॅल्शियमला ती हात लावत नाही. जावेने विचारलंच ते.) मात्र सैलावतात त्या रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या, परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या नाहीत. मग केशवाहिन्यांतून पाणी झिरपून घोट्यांत उतरतं. डोस मोठा तशी सूज जास्त, आणि बायकांना अधिक. लघवी वाढवणाऱ्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही, म्हणून ती गोळी स्वतःहून घेऊ नये. कोणाला डोकं दुखतं, चेहरा तापतो, धडधडतं. क्वचित हिरड्या फुगतात.

तरी सूज गोळीचीच, असं मी ठरवणं बरोबर नाही. डॉक्टरांनी लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते यावरून कळतं) तपासलं, ठीक निघालं. त्यांनी डोस ५ वर आणून सोबत टेल्मिसार्टन हे दाबाचंच दुसरं औषध दिलं. त्याने दाबही उतरतो आणि ही सूजही कमी व्हायला मदत होते.

बोलता बोलता पिशवीतून आणखी एक पाकीट निघालं: गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, फार्मसीतून परस्पर आणलेलं. दाब वाढवणारं, अंगात पाणी धरणारं, किडनीलाही घातक. आणि त्याची भीती कुणालाच नव्हती! ते बंद करून गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दुसरा उपाय सुचवला. पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवलेल्या) खाऱ्या मासळीवरून मात्र आमची बरीच हुज्जत झाली. "पावसात दुसरं काय खायचं?" शेवटी कधीतरी, भिजवून, धुऊन, यावर मिटलं.

पुढच्या खेपेला दाब १३४/८४ होता. संध्याकाळी थोडी सूज अजून येते, रात्री पाय उशीवर ठेवले की सकाळी उतरते. सूज एकाच पायाला असेल, दुखत असेल किंवा दम लागत असेल तर मात्र माझ्याकडे येऊ नका, थेट डॉक्टरांकडे जा, असं दोघींना बजावलंय.