मॉनिटरवर टूलबारचा ठसा, कंपनी म्हणते वापर चुकला

प्रश्न : वकीलसाहेब, अमळनेरला माझं लग्नाचे अल्बम डिझाइन करायचं काम आहे. स्वतःच बसतो, लग्नसराईत एक मुलगा हाताशी असतो. धुळ्याच्या एका दुकानातून ७२ हजारांचा ओएलईडी मॉनिटर घेतला, वॉरंटी तीन वर्षांची. चौदाव्या महिन्यात उजव्या कडेला फोटोशॉपच्या पॅनलचा आणि खाली टास्कबारचा पुसट ठसा दिसू लागला. सर्व्हिस सेंटरने ई-मेल केला की हे बर्न-इन (स्थिर चित्राचा पडद्यावर उमटलेला ठसा) आहे, स्क्रीनवरचे स्थिर भाग मंद करायची सोय तुम्ही बंद ठेवली होती, म्हणून वॉरंटीत बसत नाही. पॅनल बदलायचे ४१ हजार सांगतात. ती सोय दुकानाच्याच माणसाने बंद करून दिली होती. रात्री घरी जाताना मी बोर्डाचं बटण बंद करतो, तेही चुकलं म्हणे. बिल फर्मच्या नावावर आहे. मित्राने नेटवरून तक्रारीचा मसुदा काढून दिलाय, त्यात दोन लाख भरपाई मागितली आहे. दाखल करू का?

उत्तर : तक्रार करा भाऊ, पण हा मसुदा बाजूला ठेवा. त्यात पहिल्याच पानावर लिहिलंय की तुम्ही मॉनिटरच्या सेटिंगला कधी हातच लावला नाही. खाली शपथपत्र जोडायचं आहे आणि सेटिंग बदललं होतं हे तुम्हीच मला कळवताय. तुमची बाजू खऱ्या हकिगतीवरच जास्त भक्कम आहे, मग खोटं कशाला?

आधी कंपनीचं म्हणणं कितपत खरं ते पाहू, कारण ते अर्धं खरं आहे. ओएलईडीत मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो आणि उजेड देता देता झिजतो. निळा सगळ्यात लवकर. जिथे रोज दहा तास तेच पांढरट चिन्ह, तीच पट्टी उभी असते, तिथले ठिपके शेजाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात आणि ठसा उमटतो. म्हणून या मॉनिटरमध्ये संरक्षणाच्या सोयी दिलेल्या असतात. चित्र अधूनमधून किंचित सरकवायचं, टास्कबारसारखे न हलणारे भाग ओळखून तेवढेच मंद करायचे, आणि काही तासांच्या वापरानंतर स्क्रीन बंद असताना ठिपक्यांची झीज मोजून ती सावरून घ्यायची. ही शेवटची क्रिया मॉनिटर स्टँडबायवर असतानाच होते, त्याला वीज लागते. रात्री बोर्ड बंद म्हणजे ती क्रियाही बंद.

आता सांगा, खान्देशात दुकान वाढवताना बोर्डाचं बटण कोण बंद करत नाही? ही सवय विक्रेत्याला माहीत नसेल असं कोणताही ग्राहक आयोग मानणार नाही. त्यामुळे तुमच्या प्रकरणाचा गाभा ठसा हा नाही, तो कोणीच नाकारत नाही. गाभा आहे, ही पथ्यं विकण्याआधी तुम्हाला कोणी सांगितली होती का.

इथे तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या पत्राच्या शेवटी 'सहज' म्हणून लिहिल्या आहेत. पहिली, खरेदीआधीचा तुमचा व्हॉट्सॲप मेसेज : 'अल्बमचं काम आहे, दिवसाला दहा तास, कोणता घेऊ?' त्याला दुकानाने याच मॉडेलचं नाव पाठवलं. दुसरी, बसवून दिल्यावर त्यांच्या माणसाचा मेसेज : 'डिमिंग बंद करून दिलं भो, आता उजेड कमीजास्त होणार नाही.' उजेड कमीजास्त होतो ही तुमची तेव्हाची तक्रार रास्तच होती. रंग जुळवताना स्क्रीन आपोआप मंद होत असेल तर नवरीच्या शालूचा लाल कोणता धरायचा? पण त्याचं उत्तर म्हणून संरक्षणच काढून टाकलं आणि धोका सांगितला नाही, ही दुकानाची सेवेतली त्रुटी आहे.

पहिल्या मेसेजला वस्तू विक्री कायदा, १९३० चं कलम १६ लागतं. ग्राहकाने कशासाठी हवं ते सांगितलं, विक्रेत्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली आणि तो धंदाच त्या मालाचा करत असेल, तर माल त्या कामाला योग्य असला पाहिजे ही अट न लिहिताही करारात असते. तुम्ही स्वतः कंपनीचं नाव घेऊन 'हाच द्या' म्हणाला असता तर हे कलम ढिलं पडलं असतं. तुम्ही विचारलं, त्यांनी सुचवलं. हा फरक नोटिशीत ठळक आला पाहिजे.

वॉरंटी कार्डाचा फोटो तुम्ही पाठवलात ते बरं झालं. बर्न-इनच्या बाबतीत वॉरंट्या तीन तऱ्हेच्या दिसतात. काहींत बर्न-इन स्पष्ट सामील असतं, काहींत स्पष्ट वगळलेलं असतं, आणि काही फक्त 'उत्पादनातील दोष' म्हणून गप्प बसतात. तुमच्या कार्डावर 'दीर्घकाळ स्थिर चित्र ठेवल्याने उमटलेला ठसा' वगळला आहे. ही तुमची सगळ्यात कच्ची बाजू, ती झाकू नका. पण ते कार्ड सीलबंद खोक्यात होतं, आणि खोक्यावर मात्र बर्न-इनपासून संरक्षणाचं चित्र मोठं छापलंय. बाहेर आश्वासन आणि आत अपवाद, हा मुद्दा अनुचित व्यापारी प्रथा म्हणून घ्या. मसुद्यात 'अनुचित करार रद्द करावा' अशी मागणी आहे, ती काढा. त्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. एका जास्तीच्या ओळीपायी पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा वाद कशाला ओढवून घ्यायचा?

तसंच 'उत्पादन दायित्व' हे प्रकरणही वगळा. ऐकायला भारदस्त आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये त्यासाठी जी 'हानी' सांगितली आहे, तीत त्या वस्तूचं स्वतःचंच झालेलं नुकसान धरत नाहीत. मॉनिटरचा स्फोट होऊन हात भाजला असता तर गोष्ट वेगळी. मॉनिटरच खराब झाला तर तुमचा रस्ता सदोष माल आणि सेवेतली त्रुटी हाच.

बिल फर्मच्या नावावर आहे म्हणून तुम्ही घाबरलात. कंपनीचा वकील पहिला हल्ला तिथेच करणार : 'व्यापारी कारणासाठी घेतलंय, हा ग्राहकच नाही.' कायद्याचं स्पष्टीकरण असं आहे की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली असेल तर ते व्यापारी कारण धरायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे उलगडून सांगितलं, आणि २०२४ च्या श्रीराम चिट्स प्रकरणात म्हटलं की व्यापारी हेतू होता हे दाखवण्याचा भार आधी समोरच्यावर असतो. तरी तुम्ही गाफील राहू नका. फर्म म्हणजे तुम्ही एकटेच मालक, मॉनिटरवर तुम्ही स्वतः बसता, घर त्यावर चालतं, ही तीन वाक्यं तक्रारीत स्वच्छ लिहा. सीझनला येणाऱ्या मुलाचाही उल्लेख करा. एक मदतनीस असल्याने स्वयंरोजगार संपत नाही, पण लपवलेला मुलगा उलटतपासात बाहेर आला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते. या बिलावर जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलंय का तेही तुमच्या सीएला विचारून मला कळवा. प्रश्न हमखास येणार आहे.

पुरावा आजच गोळा करा, तोही कोणाला मॉनिटरला हात लावू देण्याआधी. एकदा, फक्त एकदा, मेनूमधून पिक्सेल रिफ्रेश, म्हणजे झीज सावरून घेणारी ती वरची क्रिया, चालवा आणि तो पुरा होऊ द्या. काही ठसे तात्पुरते असतात, ते यात जातात, आणि मग समोरच्याला 'साधा उपाय करून पाहिला नाही' म्हणायला जागा राहत नाही. पुन्हा पुन्हा मात्र चालवू नका, त्यानेही पॅनल झिजतं. मग पूर्ण स्क्रीनभर सपाट मध्यम राखाडी रंग लावा, खोलीत अंधार करा, मोबाइल स्टँडवर ठेवून फोटो काढा. लगेच त्याच राखाडी पडद्याचा संगणकावरून स्क्रीनशॉट घ्या. फोटोत ठसा दिसेल, स्क्रीनशॉटमध्ये दिसणार नाही. दोष कॉम्प्युटरचा नसून पॅनलचा आहे हे दाखवायला ही जोडी पुरते.

त्यानंतर मॉनिटरचाच मेनू उघडून वापराचे एकूण तास, रिफ्रेश किती वेळा झाला आणि फर्मवेअर (मॉनिटरच्या आतलं सॉफ्टवेअर) कोणतं, यातलं जे दिसेल त्याचे फोटो घ्या. सर्व्हिस सेंटरवाले 'फॅक्टरी रिसेट करून बघू' म्हणतील. लेखी पोच घेतल्याशिवाय करू देऊ नका. व्हॉट्सॲपचे मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या, छापील प्रतीसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या तांत्रिक बाबींत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण जोडलेलं बरं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण ती येईल. बऱ्याच मॉनिटरच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ४० अंशांपर्यंत दिलेलं असतं. उष्णतेने झीज वाढते हेही खरं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ ला जातो आणि दुकानात कूलरच. कंपनीने हा मुद्दा काढलाच तर आपलं उत्तर सरळ आहे : धुळ्यात माल विकणाऱ्याला धुळ्याचा उन्हाळा माहीत असतो, आणि विकताना तो काही बोलला नाही.

मागणी किती करायची? दोन लाख नको. मी असतो तर नवं पॅनल विनामूल्य, किंवा चौदा महिन्यांच्या वापराची रास्त वजावट करून पैसे परत, अधिक तक्रारीचा खर्च आणि त्रासापोटी माफक रक्कम, एवढंच मागितलं असतं. सेटिंग बंद होतं हे तुम्हालाही माहीत होतं, म्हणून आयोग थोडी जबाबदारी तुमच्यावरही टाकू शकतो. फुगवलेला आकडा पाहिला की तडजोडीला तयार असलेला माणूसही आखडतो. आणि अशी प्रकरणं नोटिशीनंतर तडजोडीत मिटली तर सगळ्यात उत्तम.

म्हणून आधी दुकान आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर जळगावच्या जिल्हा आयोगात जा. बिलावर 'वाद धुळे न्यायक्षेत्रात' असं छापलं असलं तरी ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. तुमच्या रकमेला फी शून्य आहे, पाच लाखांपर्यंत लागत नाही. ऑनलाइनही दाखल होते आणि वकील लावायची सक्ती नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो, त्याचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागतं. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने म्हटलंय. प्रत्यक्षात जास्तच धरून चला. मुदत दोन वर्षांची आहे. ती कंपनीच्या नकारापासून मोजायचा मोह होतो, पण तुम्ही ठसा पहिल्यांदा पाहिला त्या दिवसापासून मोजा, म्हणजे वादच नको.

दरम्यान काम थांबवता येणार नाही, ते मला कळतं. पण ठसा वाढू देऊ नका. नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी तुम्ही काय केलं हे भरपाई ठरवताना पाहिलं जातं. स्थिर भाग मंद करायची सोय आजच चालू करा, फक्त शेवटचे रंग तपासताना तेवढी बंद करून परत लावा. टास्कबार आपोआप लपेल असं करा, वॉलपेपर काळा ठेवा, फोटोशॉपचा चेहरा सगळ्यात गडद छटेवर न्या. टॅबची कळ दाबली की पॅनल लपतात, पुन्हा दाबली की येतात. दोन दिवसांत बोटांना सवय होते. चहाला उठलात की स्क्रीन पाच मिनिटांत बंद होऊ द्या, आणि रात्री मॉनिटरचा प्लग सोडून बाकीचं बंद करा. हे सगळं केल्याची तारीख वहीत टिपून ठेवा.

शेवटी शेजारच्या स्टुडिओवाल्याबद्दल. तो डागासकट २५ हजारांना घ्यायला तयार आहे म्हणता. सध्या नाही म्हणा. तक्रार चालू असताना मॉनिटर हाच तुमचा मुख्य पुरावा आहे, आयोगाने तपासणीला मागवला तर तो खोक्यासकट तुमच्याकडे असायला हवा.