ड्रायरचा तापमान सेन्सर गेला आहे की पीसीबी, हे घरी कसे तपासावे?

आपण परभणीहून विचारले आहे की ड्रायरचा ड्रम नीट फिरतो, पण हीटर थोड्याच वेळात बंद होऊन कपडे दमट राहतात, आणि मेकॅनिकने ‘सेन्सरचे रीडिंग निम्मेच येते’ असे सांगून सेन्सर व पीसीबी (यंत्र चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) दोन्ही बदलायला सांगितले आहे. लातूरला मी घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीचेच काम करतो. माझे स्पष्ट मत आहे की ते रीडिंग किती तापमानाला घेतले हे कळल्याशिवाय आपण एकही भाग विकत घेऊ नये.

बहुतेक ड्रायरमध्ये हा सेन्सर म्हणजे एनटीसी थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढले की त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध, तो ओहममध्ये मोजतात) कमी होतो. अनेक मॉडेलमध्ये तो २५ अंश सेल्सिअसला १० किलो-ओहम असतो आणि तपासणारा तोच आकडा धरून बसतो. पण मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे पत्र्याखालच्या खोलीत ४० अंश असतात, आणि तेवढ्या उष्णतेत असा निर्दोष सेन्सरही साडेपाच किलो-ओहमच्या आसपासच दाखवणार. म्हणून यंत्र रात्रभर बंद ठेवावे, पहाटे प्लग काढावा, जवळ साधा तापमापक ठेवावा, सेन्सरची जोडणी सोडवावी आणि मगच मल्टिमीटर २० किलो-ओहमच्या रेंजवर लावून मोजावे. त्यानंतर सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून, तारांची टोके कोरडी राहतील अशा बेताने, कोमट पाण्यात धरावा. आकडा सलग उतरत गेला तर सेन्सर शाबूत आहे. तो मध्येच उड्या मारू लागला, अजिबात हललाच नाही किंवा मीटरने सर्किट तुटलेले दाखवले, तर सेन्सर गेला असे खुशाल समजावे.

त्याआधी जाळी आणि हवा बाहेर टाकणारा पाइप मात्र उघडून पाहावाच. कपड्यांचे तंतू आणि आपल्याकडची धूळ मिळून तिथे घट्ट थर बसतो, हवा कोंडते, हीटरजवळचा सुरक्षा थर्मोस्टॅट (जास्त तापल्यावर आपोआप वीज तोडणारा स्विच) वारंवार वीज तोडतो आणि लक्षणे हुबेहूब आपण लिहिली तशीच दिसतात.

सेन्सर चांगला निघाला तर पीसीबीकडच्या टोकाला पुन्हा मोजावे, कारण उंदराने कुरतडलेली तार किंवा गंजलेली पिन तिथेच सापडते. तिथेही आकडा बरोबर आला आणि हवेची वाट मोकळी असली, तरच पीसीबीवर संशय घ्यावा.

सेन्सर बदलावा लागलाच, तर मॉडेल क्रमांक दाखवून त्याच मूल्याचा घ्यावा. १० किलोच्या जागी ५ किलोचा बसवला, तर यंत्राला आतली हवा प्रत्यक्षापेक्षा जास्त गरम वाटते आणि हीटर लवकर बंद होतो. उलट जास्त मूल्याचा बसवला तर कपडे करपतात. आणि कोणी थर्मल फ्यूज (फार तापल्यावर वीज कायमची तोडणारा भाग) तारेने जोडून ‘तात्पुरते चालवा’ म्हणाले, तर कृपया ऐकू नका, कारण सेन्सर आणि थर्मोस्टॅट दोन्ही फसले तर आग रोखायला तो एकच भाग उरतो.