क्लासची फी राहू दे, आधी पट्टीला भोक पाड

सांगली जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी लिहिते: ‘मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षीचा प्रोजेक्ट स्ट्रेन गेजवर, म्हणजे वस्तू किती ताणली गेली हे मोजणाऱ्या सेन्सरवर कर, असं सर सांगतात. मैत्रिणी म्हणतात, आता सगळं सॉफ्टवेअरवर होतं, लॅबमध्ये वर्ष कशाला घालवतेस? पुण्यातला एक क्लास तीन महिन्यांत ॲन्सिस आणि हायपरमेश ही विश्लेषणाची सॉफ्टवेअर शिकवून नोकरीची हमी देतोय. फी साठ हजार. बाबांनाही मुलीसाठी एसीत बसून करायचं काम बरं वाटतं. काय करू?’

तुझे सर बरोबर सांगताहेत. प्रोजेक्ट स्ट्रेन गेजचाच घे. मात्र ज्या वस्तूवर गेज लावशील, तिचंच विश्लेषण सॉफ्टवेअरवरही कर. क्लासचे साठ हजार तूर्त घरातच राहू देत.

मैत्रिणींचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. चॅसिस असो की प्रेशर व्हेसल, आज बहुतेक डिझाइन आधी संगणकावर तपासलं जातं आणि नमुना मग बनतो. पुण्यात, बंगळुरूत सीएईच्या (संगणकावर डिझाइन तपासण्याच्या कामाच्या) जागा निघतात त्या यामुळेच. अडचण अशी की मॉडेल चुकलं तरी सॉफ्टवेअर उत्तर देतंच, आणि तेही छान रंगीत! त्यातलं चुकलेलं उत्तर ओळखता येणारी माणसं कमी असतात.

नॉर्वेच्या स्लाइपनर ए या समुद्री प्लॅटफॉर्मचं प्रकरण तू वाचच. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडीत त्याचा काँक्रीटचा प्रचंड पाया हळूहळू पाण्यात उतरवत होते. ६५ मीटरच्या सुमारास आतली एक भिंत फुटली, पंपांना पाणी आवरेना, आणि अख्खा पाया तळाशी जाऊन चुरा झाला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. चौकशीत निघालं ते असं: तीन कक्षांच्या भिंती जिथे मिळतात, तिथला शिअर स्ट्रेस (कातरू पाहणारा ताण) फायनाइट एलिमेंटच्या, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे (एलिमेंट) कल्पून केलेल्या हिशोबात ४७ टक्क्यांनी कमी आला होता. त्या भरवशावर भिंती पातळ ठेवल्या गेल्या, सळयांची मांडणीही तिथे अपुरी पडली. प्रोग्रॅम साधासुधा नव्हता, नॅस्ट्रान होता. या तुकड्यांची जाळी ढोबळ होती आणि नेमक्या नाजूक जागी एलिमेंट वेडेवाकडे होते. अपघातानंतर तोच हिशोब बारकाईने केला, तेव्हा भिंत ६२ मीटरला जाईल असं उत्तर आलं. म्हणजे पद्धत भक्कमच होती. पहिल्या उत्तरावर शंका घ्यायला कोणी बसलं नव्हतं.

ही शंका घेण्याची सवय तुला कॉलेजातच लावून घेता येईल, तीही फार खर्च न करता. १०० मिमी रुंद स्टीलची पट्टी घे, मधोमध १० मिमीचं भोक पाड आणि युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर ओढ. भोकाच्या काठावर स्ट्रेस सरासरीच्या तिप्पट होतो, हे किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ मध्येच गणिताने दाखवलंय. त्यामुळे तुझ्याकडे तीन उत्तरं असतील: कागदावरचं, सॉफ्टवेअरचं आणि गेजचं. ती जुळणार नाहीत, आणि खरा प्रोजेक्ट तिथूनच सुरू होतो.

जाळी ढोबळ असेल तर सॉफ्टवेअर तीनऐवजी दोन-सव्वादोन पट दाखवेल. काठाजवळ ती बारीक करत जा आणि आकडा कुठे स्थिरावतो ते वहीत मांड. गेजचा आकडाही कमीच येईल. गेज बिघडलाय असं लगेच समजू नकोस. किर्शच्या सूत्रानुसार काठापासून जेमतेम ५ मिमी दूर गेलं की ते तिप्पट उरतं १.२२ पट, आणि गेज तर आपल्या जागेपुरती सरासरी सांगतो. त्या जागेपुरती सरासरी सॉफ्टवेअरमधूनही काढ, मग तुलना कर. एवढं समजावून सांगणारा उमेदवार मुलाखतीत माझ्यासमोर बसला, तर मी त्याला सर्टिफिकेट विचारणार नाही.

गेज चिकटवणं हे हाताचं कसब आहे. पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासायचा, ॲसिटोनने पुसायचा, गेज तिरका जाऊ द्यायचा नाही, सोल्डरिंग नीट करायचं. स्टीलमध्ये ५०० मायक्रोस्ट्रेन (लांबीत दहा लाखांत ५०० भागांची वाढ) म्हणजे सुमारे १०० मेगापास्कल स्ट्रेस. तेवढ्याने १२० ओहमच्या गेजचा रोध फक्त ०.१२ ओहमने बदलतो. म्हणून तर रोधातला इतका बारीक बदल पकडणारं सर्किट, व्हीटस्टन ब्रिज, लागतं. बारावीला पाठ केलेला हा ब्रिज इथे पहिल्यांदा कामाला येईल. पहिले दोन-चार गेज वाया जातील. सरांना आधीच जास्तीचे मागवायला सांग.

बाबांना एवढंच सांग की हे काम भट्टीपुढे उभं राहायचं नाही. गेज लावायचे, मग रीडिंग संगणकावर घेऊन तासन् तास त्यांचा अर्थ लावत बसायचं. पुण्यात एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थेत आणि गाड्यांच्या कंपन्यांत चाचणी आणि सीएई हे विभाग एकमेकांशी सतत बोलत असतात, आणि दोन्हीकडची भाषा येणारी व्यक्ती त्यांना हवीच असते. उलट, नुसतं सॉफ्टवेअर शिकून लागलीस तर सुरुवातीची वर्षं बहुधा मेशिंगमध्येच, म्हणजे जाळी विणण्यातच जातील. ते कंटाळवाणं असतं, आधीच सांगून ठेवते.

सॉफ्टवेअर शिकायला ॲन्सिसची विद्यार्थी आवृत्ती मोफत मिळते. तिच्यात जाळीच्या आकारावर मर्यादा आहे, पण तुझ्या पट्टीला ती पुरेल. कॅल्क्युलिक्स हे असंच दुसरं सॉफ्टवेअर तर पूर्ण मोफत. आयआयटी मद्रासचा प्रायोगिक स्ट्रेस विश्लेषणाचा कोर्स एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावर आहे. त्यात फोटोइलॅस्टिसिटीही येते, आणि पारदर्शक नमुन्यात उमटणारे रंगीत पट्टे बघितले की भोकाच्या काठाशी स्ट्रेस कसा गर्दी करतो ते डोळ्यांना दिसतं.

क्लासवाल्याला मात्र एक प्रश्न विचारून बघ: नोकरी लागली नाही तर फी परत, हे लेखी देणार का? गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास या सुट्टीत सुरू कर. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स तिथेही लागतं, आणि एमटेकला डिझाइन किंवा सॉलिड मेकॅनिक्स घ्यायचं की नाही, हे प्रोजेक्टचे आकडे हातात आल्यावर ठरवता येईल.