ओल्या पानांवरची पांढुरकी चमक

प्रश्न : उष्ण कटिबंधातल्या पावसाळी जंगलात भरदुपारी मी फोटो काढतो, तेव्हा पानं पांढुरकी येतात. संध्याकाळी तिपाई (ट्रायपॉड) लावेपर्यंत उजेड संपलेला असतो. माझं काय चुकतं?

उत्तर : आधी संध्याकाळचं बघू. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तासाला १५ अंश. म्हणजे क्षितिजापासून ६ अंशांवर आल्यावर मावळायला त्याला जेमतेम २४ मिनिटं लागतात. म्हणून जागा दुपारीच हेरून ठेवा, तिपाई आधीच रोवा.

पांढुरकेपणा हा ओल्या पानांवर पडलेल्या आकाशाचा उजेड. भिंगावर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावून सावकाश फिरवा. एका ठिकाणी चमक विरते आणि खालचा गर्द हिरवा रंग वर येतो. तो क्षण मला अजूनही हरखून टाकतो. पोलरायझर एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), त्यामुळे तिपाई हवीच. आणि जंगलाच्या आतल्या भागासाठी भरदुपारचं ऊन टाळाच. ढगाळ आभाळ किंवा नुकती थांबलेली सर, यासारखा उजेड नाही!

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत नेऊ नका, भिंगावर बाष्प धरतं. खोलीतच तो हवाबंद पिशवीत घाला आणि बाहेर गेल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या. माझ्या एका आवडत्या भिंगात दमटपणामुळे बुरशी शिरली, ती कायमची. तेव्हापासून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मी भिंगांच्या डब्यात घालते आणि नेमाने बदलते.