कॅनडातल्या मोरेन लेकला आई-बाबांना घेऊन जातोय. सूर्योदयाची शटल घ्यावी का? तो निळा रंग फोटोत यायला काय करावं?

सूर्योदयाच्या शटलच्या भानगडीत पडू नका. तुम्ही लिहिलंय की जुलैत जायचंय, आई-बाबा नाशिकहून येतायत, बाबांचे गुडघे कुरकुरतात आणि फोटोत निळा रंग हवाच आहे. मग पहाटे चारची बस कशाला? मी कॅलगरीत राहतो. घरी पाहुणे आले की बॅम्फ राष्ट्रीय उद्यानाची वारी ठरलेलीच (मोरेन लेक तिथलंच), त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पहाटेचं पहिलं ऊन तळ्यामागच्या शिखरांवर पडतं. माथे गुलाबी-केशरी होतात, ते दृश्य देखणं असतं यात वाद नाही. पण त्या वेळी तळं सावलीत असतं आणि पाणी शिसवी, गडद दिसतं. रंगाचा सगळा खेळ उन्हाचा आहे. वरच्या हिमनद्या सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळत जातात. ते पीठ इतकं बारीक असतं की वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यात आलं तरी लगेच खाली बसत नाही, तरंगत राहतं. प्रकाशातला लाल भाग पाणी शोषून घेतं आणि उरलेला निळा-हिरवा प्रकाश हे कण चहूकडे विखुरतात. म्हणून पाण्यावर थेट ऊन हवं. जुलैत साधारण सकाळी दहा ते दुपारी एक-दोन ही वेळ धरा. संध्याकाळकडे सूर्य डोंगरांमागे जायला लागतो, मग कॅमेऱ्यात समोरून झळ येते आणि डोंगर काळे पडतात.

महिना तुम्ही बरोबर निवडलाय. जूनच्या सुरुवातीला बर्फ पुरता वितळलेला नसतो, पाण्याची पातळीही खाली असते. लांबून आलेली माणसं अक्षरशः हिरमुसतात. सप्टेंबरअखेर लार्चची झाडं पिवळी होतात म्हणून गर्दी लोटते, पण तेव्हा सूर्य खालून जातो आणि डोंगरांच्या सावल्या पाण्यावर लांबतात.

आता जायचं कसं. 2023 पासून मोरेन लेकच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे (अपंगांसाठीचं पार्किंग कार्ड असलेल्या गाडीला सोडतात). पार्क्स कॅनडाची (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची) शटल लेक लुईसच्या स्की रिसॉर्टच्या पार्किंगमधून सुटते. काही जागा वसंतातच बुकिंगला खुल्या होतात आणि पटापट संपतात. बाकीच्या प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी आठला उघडतात. आठला पाच कमी असतानाच लॉगिन करून बसा. त्याच तिकिटावर पुढे लेक लुईसलाही बसने जाता येतं, तेव्हा तळी दोन, खर्च एकच.

उतरल्यावर बहुतेक लोक काठावरच घुटमळतात आणि "फोटोत तर फारच निळं दिसत होतं" म्हणत परततात. काठावरून नजर पाण्यावर तिरकी पडते, त्यामुळे आकाशाचं आणि डोंगराचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. वरून पाहिलं की नजर पाण्याच्या आत शिरते. त्यासाठी डावीकडे रॉकपाइल नावाचा मोठाल्या दगडांचा ढिगारा आहे. तळ्याला ज्याच्यामुळे नाव पडलं तो हाच. हिमनदीने आणून टाकलेली रास, म्हणजे इंग्रजीत 'मोरेन', समजून 1899 मध्ये गिर्यारोहक वॉल्टर विल्कॉक्सने हे नाव दिलं. शेजारच्या कड्यावरून कोसळलेली ती दरड असावी, असं आता बरेच जण मानतात. पायवाट छोटी आहे, पायऱ्या बांधलेल्या आहेत. बाबांना काठी द्या, हळूहळू चढू द्या, घाई कुणालाच नसते. कॅनडाच्या 1969 आणि 1979 च्या मालिकेतल्या वीस डॉलरच्या नोटेवर मागे जे दृश्य होतं, ते इथलंच. चढणं जमलंच नाही, तर काठाकाठाने झाडीतून जाणारी वाट जवळपास सपाट आहे.

कॅमेरा असेल तर एकच फिल्टर न्या, पोलरायझर. तो हळूहळू फिरवत पडद्यावर बघा, एका ठिकाणी पाण्यावरची चकाकी पुसली जाते आणि खालचे बुडालेले ओंडकेसुद्धा दिसायला लागतात. फार वाइड लेन्सवर मात्र आकाशाचा एकच कोपरा काळपट येतो, तेव्हा फिल्टर थोडा उलटा फिरवा. फोनवाल्यांसाठी जुगाड: पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवायची. पडद्यावर बर्फावर बोट ठेवून उजेड जरा कमी करा, नाहीतर हिमनद्या पांढऱ्याफटक उडतात. आणि रंग वाढवणारे फिल्टर हवेतच कशाला? फोन आधीच हात सैल सोडून रंग ओततो. नंतर आणखी वाढवलंत तर ते स्विमिंग पूल वाटेल आणि नाशिकचे नातेवाईक म्हणतील, एडिट केलंय. ड्रोन घरीच ठेवा, राष्ट्रीय उद्यानात बंदी आहे.

रॉकपाइलवरच्या खारी भलत्या धीट आहेत, पार बुटांवर येऊन उभ्या राहतात. आईंना चिवड्याची पिशवी उघडायचा मोह होणारच, पण प्राण्यांना खायला घालणं गुन्हा आहे आणि दंड 25,000 डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

जुलै असला तरी प्रत्येकाला एक जाड जॅकेट घ्या, कारण तळं 1,880 मीटरच्या वर आहे आणि ढग आला की वारा झोंबतो. तिथे मोबाइलला सिग्नल नसतो, म्हणून तिकिटांचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा आणि आई-बाबा मागे राहिले तर कुठे भेटायचं हे बसमधून उतरतानाच ठरवा.