शुगर आणि जुनी ॲसिडिटी आहे. वजन कमी करायच्या ऑपरेशनमध्ये स्लीव्ह करावी की बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा: जठर छोटं करून थेट पुढच्या आतड्याला जोडतात)? तयारी काय?

आधी एंडोस्कोपी करून घ्या. स्लीव्हमध्ये जठराचा ७५-८० टक्के भाग कायमचा काढतात, आतड्याला हात लावत नाहीत. पण छातीतली जळजळ त्यानं वाढू शकते. तुमचं ऐकून मला तरी बायपास बरा वाटतो, शुगरवरही तो सहसा जास्त चालतो. मात्र बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. (स्लीव्हवाल्यांचीही त्यातून सुटका नाही.) शेवटचा शब्द अर्थात सर्जनचा.

माझ्या बहिणीला ऑपरेशनआधी दोन आठवडे भात-पोळी बंद होती, यकृत आकसावं म्हणून. नंतर वाटीभर वरणाचं पाणी संपवायला तिला अर्धा तास लागायचा. घोट घोट प्यायची सवय आतापासूनच लावा. आणि सिगारेट, तंबाखू, मिश्री असेल तर आजच बंद.