डोक्याची जखम भरली, पण माणूस बदलला

प्रश्न : माझे मिस्टर (वय 41) जिल्हा परिषदेत लिपिक आहेत. पाच महिन्यांपूर्वी मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागला. 11 दिवस बेशुद्ध होते. कवटीचं हाड काढून पोटात ठेवलं होतं, ते परत बसवलं. आता चालतात, बोलतात, स्कॅनही ठीक आहे. पण संध्याकाळी एवढ्या-तेवढ्यावरून भडकतात. परवा मुलाच्या अंगावर ताट भिरकावलं. दिवसभर मात्र सांगितल्याशिवाय अंघोळीलाही उठत नाहीत. तेच तेच विचारतात, आणि ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतात. सासूबाई म्हणतात, आळस चढलाय. मी कसं वागू? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : हा आळस नाही, हे सासूबाईंना तुमच्याऐवजी डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, सूज, हाड दिसतं. धडकेच्या झटक्याने ताणले गेलेले मेंदूतले बारीक धागे त्यात बहुधा दिसत नाहीत. अशा माराचा फटका कपाळामागच्या भागाला वारंवार बसतो. राग आवरणं आणि पांघरूण बाजूला सारून उठणं, ही दोन्ही कामं हाच भाग करतो. म्हणून एकाच माणसात भडका आणि थंडपणा दोन्ही दिसतात. ‘मला काही झालं नाही’ हाही दुखापतीचाच भाग असू शकतो. पुरावे देऊन ते पटवायला जाऊ नका, नुसता वाद वाढतो.

आधी रागाचं बघू. आठ दिवस वहीत चार गोष्टी लिहा : भडका किती वाजता उडाला, त्याआधीच्या दहा मिनिटांत काय चाललं होतं, रात्री झोप किती झाली, शेवटचं खाणं कधी झालं. पुष्कळ घरांत चित्र एकच निघतं. संध्याकाळचे सात, कुकरची शिट्टी, टीव्ही, मुलाचं पाठांतर, आणि त्यातच कुणीतरी विचारतं, ‘गोळी घेतली का?’ दुखावलेला मेंदू लवकर थकतो आणि थकला की आवाज चाळता येत नाहीत. तेव्हा दुपारी गजर लावून अर्धा तास झोप, पाचला खाणं, सहानंतर टीव्ही बंद, पाहुणे सकाळी आणि एका वेळी दोघंच. कुकर संध्याकाळी लवकर लावून टाका.

भडका उडालाच तर एकच वाक्य, हळू आवाजात : ‘आपण जरा वेळाने बोलू.’ मग मुलाला घेऊन बाहेर पडा. हात धरू नका, समजावू नका, शांत झाल्यावर तो विषय उकरू नका. मुलाला मात्र स्पष्ट सांगा : बाबांच्या मेंदूला मार लागलाय, तुझं काही चुकलेलं नाही. ताट फेकण्यापर्यंत गोष्ट गेली आहे, म्हणून याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. फिटसाठी लेव्हेटिरॅसिटॅम चालू असेल तर तेही विचारा. काहींना त्याने चिडचिड वाढते आणि औषध बदलता येतं. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. फिटची गोळी अचानक थांबवली की फिट येऊ शकते.

आता अंघोळ. ‘अंघोळ करा’ या दोन शब्दांत दहा कामं दडलेली असतात. वेळ रोज तीच ठेवा. बादली भरून पाण्याचा अंदाज तुम्हीच घ्या. कपडे घालायच्या क्रमाने रचा : सर्वांत वर बनियन-चड्डी, खाली शर्ट. न्हाणीघराच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला मोठ्या अक्षरांत पाच ओळींचा कागद, प्लॅस्टिकमध्ये घालून. खांद्याला हात लावून ‘चला’ म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. उत्तर यायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी पुन्हा बोललात तर पहिलं बोलणं पुसलं जातं. आठ-दहा दिवस नीट जमलं की एकच आधार काढा, म्हणजे कपडे रचणं बंद. सगळे आधार एकदम काढल्याने घडी मोडते. ‘आज काय करायचं?’ असं मोकळं विचारू नका. ‘आधी चहा की आधी फिरणं?’ असं विचारा.

विसराळूपणासाठी एकच वही, एकाच खिळ्याला टांगलेली, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. आजची तारीख, आजची कामं, कोण येऊन गेलं. शक्यतो त्यांनीच लिहावं. तेच पुन्हा विचारलं तर ‘वही बघूया’ म्हणा. ‘ओळखा पाहू, हे कोण?’ ही पाहुण्यांची परीक्षा बंद करा. चुकीचं उत्तर एकदा तोंडून गेलं की तेच डोक्यात बसतं. ‘हे तुमचे मामेभाऊ, कराडहून आलेत’ असं आधीच सांगा. गोळ्या वारांच्या डबीत भरा आणि डबी तुमच्याकडे ठेवा; घेतल्याचं विसरून दुसऱ्यांदा घेतल्या जातात. दारू पूर्ण बंद. डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत गाडीची किल्ली लपवण्यापेक्षा गाडीच नातेवाइकांकडे ठेवलेली बरी.

नोकरीचा राजीनामा कुणाच्याही सांगण्यावरून लिहून देऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 20 प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं. त्यासाठी यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज करून ठेवा.

एक खूण विसरू नका. सुधारत चाललेला माणूस मागे जाऊ लागला, पाय घासत चालू लागला, कपड्यांत लघवी होऊ लागली, तर मेंदूत पाणी साठत असू शकतं, लगेच दाखवा. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, न उतरणारी गुंगी, यांसाठी रात्रीसुद्धा दवाखाना गाठा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा नको, नाकाशी कांदा-चप्पल नको. घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली की रुग्णवाहिका.

प्रश्न : स्कूटरवरून पडल्यापासून पत्नीला वास येत नाही. ती जेवणात मीठ वाढवत चालली आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : नाकाच्या छपरातून मेंदूत जाणारे वासाचे नाजूक तंतू अशा झटक्याने तुटतात. चवीचा मोठा भाग वासाचा असतो, म्हणून सगळं अळणी लागतं. मीठ मोजून घाला. चव हवी तर लिंबू, चिंच, कुरकुरीत काहीतरी वाढा. उरलेल्या भाजी-आमटीच्या डब्यावर तारखेची पट्टी चिकटवा, कारण आंबलेलं तिला कळणार नाही. गॅसगळतीचा भोंगा बसवाच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून भोंगा जमिनीपासून फूटभर उंचीवर. पाइपचा गॅस हलका असतो, त्यासाठी छताजवळ. उलटा बसवला तर उशिरा वाजतो. शिवाय लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी, या चार गोष्टी सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी 20 सेकंद, तो वास आठवत हुंगायला द्या. निदान तीन महिने तरी करून बघा.